पत्र्यांची तोंडं साहेबांकडे

४ नोव्हेंबर १९७४

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाचा पुरावा मागे राहायला पाहिजे.

परभणी-पिंगळी रस्त्यावरच्या आमच्या धावपट्टीला दिवे लावायचे तर विजेची तार हवी. ती यायला म्हणे अजून चार वर्षं. म्हणजे मंत्री दिवस मावळायच्या आत उतरले तर उतरले, नाहीतर बसा हार धरून. यावर अख्ख्या बांधकाम खात्यात उपाय सुचला एकट्याला. मला. रस्त्याच्या पाट्यांवर लावतात तो चमकता कागद पत्र्यांवर चिकटवायचा, पत्रे खुंट्यांवर ठोकायचे आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओळीने रोवायचे. विमानाचा स्वतःचा दिवा पत्र्यावर पडतो आणि उजेड परत पायलटच्याच डोळ्यांत येतो. तार नको, खांब नको, वीजमंडळाच्या पाया पडणं नको.

साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता, म्हणाले, जमलं तर डेप्युटी इंजिनियर म्हणून औरंगाबादला तुमचंच नाव पाठवतो. जमलं तर! 'काशीनाथ पद्धत' हे नाव कागदावर बरं दिसेल.

संकल्प: आजपासून कोणावरही चिडायचं नाही.

५ नोव्हेंबर

चिडलो. शिपाई नागनाथ विचारतो, साब, लय चमकायलेत की पत्रे, लग्न कुनाचं हाय? हाकलून दिला. अशा लोकांना घेऊन देश पुढे जाणार!

९ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावरचा दिनकरराव. मला दोन वर्षं ज्युनियर, आणि डोळा त्याच डेप्युटीच्या जागेवर. आज खोदून खोदून विचारत होता, पत्र्यांची तोंडं कुठल्या बाजूला करणार? सांगितलं, हल्ली वारा पिंगळीकडून येतो, विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे पायलट परभणीच्या टोकाने येणार. तोंडं परभणीकडे. शेंबड्या पोराला कळेल. एवढंही ठाऊक नाही आणि निघालाय डेप्युटी व्हायला!

१८ नोव्हेंबर

पहिली चाचणी. डोकं फुटायची वेळ आलीय.

अंधार पडल्यावर परभणीच्या टोकाला स्कूटर उभी केली, हेडलाइट लावला. काय सांगू! दोन्ही ओळी लखलख. एकही पत्रा चुकला नाही. ओरडलो, साहेब, बघा!

साहेब पिंगळीच्या टोकाला. तिथे लिंब आहे, जीप तिथवर जाते, खुर्च्या तिथेच मांडतात. तिकडून आवाज आला, काय बघू? अंधार? पळत गेलो. धापा टाकत म्हणालो, साहेब, माझ्या टोकाला चला, तिथून दिसतं. साहेब म्हणाले, काशीनाथराव, मी तुमच्या स्कूटरमागे पळू का? बोलावून घेता आणि पत्र्यांची पाठ दाखवता?

गाढवाला गुळाची चव काय. (हे मोठ्याने म्हणालो नाही.)

१९ नोव्हेंबर

साहेबांनी नमस्कार घेतला नाही. चहा दिनकररावाबरोबर घेतला. हलकट!

विचार केला आणि चूक सापडली. माझी नव्हे, मांडणीची. या खात्यात कोनशिला असो, फीत असो, शाळेच्या पोरींचं स्वागतगीत असो, तोंड साहेबांकडे असतं. आजवर कोणी साहेबांना पाठ दाखवून वर गेलेला माझ्या पाहण्यात नाही. मग पत्रे काय स्वतःला कलेक्टर समजतात?

पत्रे फिरवायचे. सगळे.

सुमंगलाला सांगितलं. बायकोने कौतुक करावं की नाही? म्हणते, का हो, विमान साहेब चालवणार आहेत का? जेवण अर्धं टाकून उठलो.

२२ नोव्हेंबर

जिंकलो! नागनाथ आणि मजूर लावून पत्रे फिरवले. नागनाथ कुरकुरला, आता तर रोवले होते साब, पुन्हा उपटायलोत. दटावला. संध्याकाळी साहेबांच्या जीपचे दिवे लावले. दिवाळी पुन्हा आली म्हणा! साहेब खुर्चीतून उठले. स्वतः उठले! म्हणाले, वा काशीनाथराव, हे आधी का नाही केलं?

दिनकरराव कानाशी येऊन पुटपुटला, अहो, पायलट पलीकडून येणार. जळतो. जळू दे. त्याला सुनावलं, पत्रा तो पत्रा, एकदा चमकायला लागला की कोणालाही चमकतो. साहेबांना दिसतं आणि पायलटला दिसणार नाही, असं होईल का?

सुमंगलाला म्हणालो, औरंगाबादला भावाला लिही, घर बघून ठेव म्हणावं.

११ डिसेंबर

आज खरी परीक्षा. औरंगाबादहून छोटं विमान. साहेब, कलेक्टर ऑफिसचे लोक, बायकापोरं, सगळे लिंबाखाली. अंधार पडला, जीपचे दिवे लावले, पत्रे असे चमकले की टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. मंत्र्यांसाठीचाच होता बहुतेक.

विमान आलं. परभणीकडून खाली आलं, दिवा टाकला, आणि वर गेलं. आम्ही हात हलवले. पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. मी सांगितलं, पायलट अंदाज घेतोय. तिसऱ्यांदा डोक्यावरून गेलं ते गेलंच. आवाज थांबेपर्यंत सगळे वर बघत होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हार काढला.

१२ डिसेंबर

औरंगाबादहून ट्रंककॉल. पायलट म्हणतो, खाली फक्त एका जीपचे दोन दिवे दिसले, बाकी काळोख. नाचता येईना अंगण वाकडं! एवढे पत्रे चमकतायत, शंभर माणसं साक्षीला आहेत, आणि याला दिसत नाही. असल्यांच्या हातात विमानं देतात! डोळे तपासा त्याचे, असा अर्ज लिहिला. साहेबांनी तो फाडला. माझ्यासमोर. वर दिनकररावाला बोलावून म्हणाले, बघा तुम्ही काय ते.

संताप संताप झाला. एवढं केलं कोणासाठी?

१६ डिसेंबर

दिनकररावाने काय केलं? काही नाही. माझेच पत्रे, माझ्याच खुंट्या, माझाच कागद. नुसती तोंडं परत परभणीकडे केली. यात अक्कल कसली?

आज पुन्हा विमान येणार होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. स्कूटर रस्त्यावर ठेवली आणि लिंबाच्या मागे उभा राहिलो. समोर पूर्ण अंधार, एक पत्रा चमकेना. बरं वाटलं. साहेबही डोळे ताणून बघत होते, त्यांनाही काही दिसत नव्हतं.

विमान त्या अंधारात सरळ उतरलं. एका झटक्यात.

पायलट खाली आला आणि हसत म्हणाला, दोन्ही ओळी कशा स्वच्छ दिसल्या, ही युक्ती कोणाची? साहेबांनी दिनकररावाच्या पाठीवर हात ठेवला, औरंगाबादचं नक्की समजा म्हणाले. दिनकरराव म्हणाला, पत्रे माझे नाहीत साहेब, काशीनाथरावांचे. मग त्याने माझ्या नावाने हाक मारली. दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

गेलो नाही. एवढ्या लोकांत काय तोंड घेऊन जाऊ?

कोणाला दिसू नये म्हणून स्कूटरचा दिवा न लावता निघालो. परभणीच्या अलीकडे खड्ड्यात गेलो. गुडघा फुटला, चष्मा गेला.

सुमंगला हळद लावता लावता विचारत होती, पडलात कसे? सांगितलं, या खात्याला एवढ्या रस्त्यावर एक दिवा लावता येत नाही.