संध्याकाळी वळणारं पाऊल

महदिया, ९ ऑक्टोबर

चि. युस्रा हिस,
बेया मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसू नकोस. फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, आणि सांगायचंय ते त्या खोलीतल्या सुनेबद्दलच. जन्मभर शाळेत पोरांना पत्रं लिहायला शिकवली, ते कुठेतरी कामाला येऊ दे.

आधी तुझं. शेजारची मंजिया विचारत होती, तुमची डॉक्टरीण अजून शिकतेच का म्हणून. मी सांगितलं, आधी डॉक्टर झाली, मग मेंदूची डॉक्टर झाली, आता ज्यांचे हातपाय थरथरतात, आखडतात, वाकडे होतात त्यांचंच तेवढं आणखी एक वर्ष शिकतेय. तर म्हणते, तेवढ्यात लग्नाचं वय निघून जाईल. तिला म्हटलं, तुझं तर वेळेवर झालं होतं, काय दिवे लागले?

आता सुंदुसचं. तुझ्या मावसभावाने, वजदीने, उन्हाळ्यात हौसेने लग्न करून आणली, मीही नाही म्हटलं नाही. पोरगी सकाळी वाऱ्यासारखी. अंगण धुते, पीठ मळते, गच्चीवर मिरच्या वाळत घालते. दुपार टळली की पाय ओढायला लागते. दिवेलागणीला भिंत धरून चालते, उजवं पाऊल आत वळवून, नुसत्या चवड्यावर. म्हणजे नेमकी रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ. मध्ये जरा डोळा लागला की पुन्हा ठणठणीत. दुखणं घड्याळ बघून येतं का गं? मंजिया म्हणते जिन्न आहे, पिराकडे न्या. मी शिकलेली बाई, मला जिन्न पटत नाही. मला हे नाटक वाटतं. वजदीला म्हटलं तर तो म्हणतो, आई, तू तिच्या पायाकडे बघणं सोड. तू डॉक्टर म्हणून दोन ओळी स्पष्ट लिही, मी त्याच्यापुढे धरीन.

जेवत जा. लोभ आहे तो कमी करू नकोस.
तुझी,
बेया मावशी


ट्युनिस, १६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
युस्राचा सलाम. वि. वि.

मंजियाला सांग, आमच्याकडे रोज एवढे नवरे येतात की लग्नाची घाई उरत नाही. हात थरथरतो म्हणून बायकोला चहा ओतायला लावतात आणि ओतताना चुका काढतात.

इथे आमच्या मुख्य डॉक्टर हयातबाई. त्यांची शिस्त अशी की रोगी दारातून आत येताना नुसतं बघायचं आणि दिसलं ते सांगायचं. आजाराचं नाव काढायला बंदी. पहिल्याच आठवड्यात मी घाईने नाव घेतलं, तर म्हणाल्या, बाळ, नाव दिलंस की तुझे डोळे मिटले. आता मेंदूत बसवलेल्या यंत्राची वीज कमीजास्त करायला शिकतेय, आखडलेल्या स्नायूत सुई द्यायला शिकतेय, पण सगळ्यात अवघड हे बघणंच आहे.

मावशी, रागावू नकोस. तू मला नाटक हे नाव पाठवलंस, आणि दोन ओळी मागितल्यास. न बघता मी त्या देणार नाही. उलट तूच जे लिहिलंस, सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, झोपेनंतर पुन्हा बरं, त्यानं मी दचकले. असा एक दुर्मीळ आजार असतो. तोच आहे असं म्हणत नाही. तिच्या आईला एवढंच विचार, हे लग्नानंतरचं की लहानपणापासूनचं? आणि उत्तर येईपर्यंत पोरीला टोचून बोलू नकोस. तुझं टोचणं मला ठाऊक आहे.

तुझ्या हरिसाची, त्या लाल मिरचीच्या चटणीची, बरणी संपली, हेही लक्षात असू दे.
तुझीच लाडकी,
युस्रा


महदिया, २ नोव्हेंबर

चि. युस्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हाती पडायला एक दिवस उशीर झाला. आदल्या संध्याकाळी वजदीचे मालक सहकुटुंब आले होते. सुंदुस चहाचं तबक घेऊन आली आणि उंबऱ्याशी पाऊल वळलं. पेले फुटले, मालकीणबाईंच्या अंगावर चहा उडाला. मी सगळ्यांसमोर बोलले, की हिच्या पायाला काम बरोबर कळतं. तिने खाली बसून काचा वेचल्या. सकाळी पिशवी भरली आणि माहेरी, कसूर एस्साफला निघून गेली. गेली ती इतकी ताठ चालत, की अख्ख्या गल्लीने म्हटलं, बघा, पायाला काहीएक झालेलं नाही. मलाही तेव्हा तेच वाटलं.

मग तुझं पत्र आलं. वजदीकरवी तिच्या आईला विचारलं. पाचवीत असल्यापासून आहे म्हणे. शाळेत जाताना पळत जायची, परतताना भाऊ पाठुंगळी घ्यायचा. शाळेतल्या बाई तिला आळशी म्हणायच्या. तिने लग्नाआधी वजदीला सगळं सांगितलं होतं, मला तेवढं सांगू नको म्हणाली, कारण मीही शाळेतली बाई.

वजदी माझ्याशी बोलत नाही. जेवतो आणि बंदरावर जातो. तो तिला तुझ्याकडे आणणार आहे. मला ये म्हणाला नाही.

हरिसा त्याच्याबरोबर पाठवते.
बेया मावशी


ट्युनिस, २१ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सलाम. हे पत्र बसून वाच.

दोघं गेल्या आठवड्यात सकाळीच आली. माझ्याबरोबर शिकणाऱ्या इस्कंदरने तपासलं, काही सापडलं नाही. हळूच मला म्हणाला, नव्या नवरीच्या मनावर ताण असेल. तो वाईट नाही, सकाळी मलाही काही सापडलं नसतं. हयातबाईंनी तपासणीचा कागद बघितला आणि सुंदुसला विचारलं, संध्याकाळपर्यंत थांबशील का. ती म्हणाली, आजवर सगळ्यांनी मला दिवसाउजेडीच घरी पाठवलं.

मावळतीची अजान झाली तेव्हा आम्ही सगळे व्हरांड्यात उभे राहिलो. ती चालत आली. उजवं पाऊल आत वळलं, टाच उचलली गेली, हात भिंत शोधू लागला. बाईंनी मला बोलायला सांगितलं. दिसलं तेवढंच मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, आता नाव घे.

मेंदूत एक द्रव्य बनतं, ते हिच्यात कमी बनतं. रात्रीच्या झोपेने थोडं साठतं, दिवसभरात सरून जातं. त्यावर गोळी आहे, म्हाताऱ्या थरथरणाऱ्यांना देतात तीच, हिला अगदी थोडी पुरते. आठवडाभर दोघांना माझ्याच खोलीवर ठेवून घेतलं. काल दिवेलागणीला ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. मग कुणी न सांगता पुन्हा गेली. वजदी रडला. ती रडली नाही. माझ्यापाशी येऊन तिने विचारलं, की म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना. मावशी, स्वतःबद्दल विचारत होती.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल. मुलांत हे उतरू शकतं, तेही मी दोघांना लपवलं नाही. उतरलंच तर लहानपणीच ओळखू.

वर्ष संपलं की मी महदियालाच येणार आहे आणि माझा दवाखाना संध्याकाळी उघडणार. सुंदुस सध्या माहेरी जाते आहे. तुझ्याकडे परत येणार का, हे मी विचारलं नाही. ते विचारणं माझं काम नव्हे.

तुझ्यावर राग नाही, माया आहे.
युस्रा


महदिया, ५ डिसेंबर

चि. युस्रा हिस,
मावशीचे आशीर्वाद.

काल कसूर एस्साफला जाऊन आले. वजदी नेतो म्हणाला, मी नको म्हटलं. जे बोलायचं ते पोराच्या आडून बोलायचं नव्हतं.

तिच्या आईने दार उघडलं आणि बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच बोलले. म्हटलं, पाहुण्यांसमोर बोलले तेव्हा पाहुण्यांसमोरच माफी मागायला हवी, म्हणून मालकांच्या घरी आधी जाऊन आले. सुंदुस ऐकत होती. मग म्हणाली, मी येईन, पण वजदी बंदराजवळ दोन खोल्या बघतोय तिथे. तुमच्या घरी येत जाईन, राहणार नाही. मनाला लागलं गं. पण तिने ते भांडायला म्हणून सांगितलं नाही, नीट शब्द जुळवून सांगितलं. मी हो म्हटलं.

निघताना उन्हं उतरली होती. गाडीच्या अड्ड्यापर्यंत ती पोचवायला आली. रस्ता चढाचा आहे, तुला माहीत आहे. मी तिच्या पायांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. दोन्ही पावलं सरळ पडत होती. माझे गुडघे मात्र कुरकुरायला लागले. तिने वळून बघितलं आणि माझ्यासाठी हळू चालू लागली.

तू लवकर ये.
तुझी,
बेया मावशी