पलंगाखालची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा! देव्हाऱ्यासमोर, नेमकं तिथेच. ज्या गुंड्याने सहा महिन्यांत घरात एक थेंब सांडला नव्हता, त्याने पाच दिवसांत चौथ्यांदा तळं केलं.

त्याचं तरी काय चुकलं? दहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लूच ते. आजवर माझ्या पलंगाखाली झोपायचा. शू लागली की माझ्या हाताला ओलं नाक लावायचा, मी उठून खाली न्यायचे. आता लेक श्रुतिका पहिल्या बाळंतपणाला आलीय. बेडरूममध्ये ती, तिची बाळी आणि मी. दार बंद. गुंड्या हॉलमध्ये ह्यांच्यासोबत. ह्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी हे नुसती कूस बदलतील!

फिनाइलने पुसलं, वर गोमूत्र शिंपडलं. देवासमोरची जागा, घरात तान्हं बाळ — नुसतं फिनाइल कसं चालेल?

५ फेब्रुवारी

पाण्याचं भांडं सातलाच उचललं. दहाला खाली फिरवून आणला. सकाळी — तळं. पुसणं, गोमूत्र, मग माझी अंघोळ, मग पूजा. बाळीची शेक-शेगडी राहिली. श्रुतिका रुसली.

७ फेब्रुवारी

कोरडं!! देवापुढे साखर ठेवली.

८ फेब्रुवारी

बोलले आणि वाट लागली.

१० फेब्रुवारी

आज ओरडले. कान धरून तिथे नेलं, दाखवलं. शेपूट आत घालून टेबलाखाली जाऊन बसला. हे म्हणतात, "मुक्या जनावराक कित्याक ओरडतंस?" मग तुम्ही उठा ना रात्री! ओठांवर आलं ते गिळलं नाही, बोललेच.

नंतर बिस्किट दिलं त्याला. माझ्याकडे न बघता खाल्लं. स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला काही सुचतच नाही आता.

१३ फेब्रुवारी

गुंड्याला जनावरांच्या डॉक्टर मुकुलांकडे नेलं. तपासलं, आजार काही नाही. म्हणाले, "झोपायची जागा बदललीय ना, होतं असं. पण वास राहिला की कुत्रा परत तिथेच करतो. वास घालवा."

माझ्या घरात वास! दोन-दोनदा पुसते म्हटलं, चांगलं फिनाइल टाकून. घरी येऊन तिसऱ्यांदा पुसलं. गोमूत्रही आज जरा जास्तच शिंपडलं.

१४ फेब्रुवारी

दोन तळी.

१७ फेब्रुवारी

विहीणबाई सकाळीच नातीला बघायला आल्या. त्यांचा पाय नेमका पडला त्यात! पायपुसण्यावर पाय घासत राहिल्या, कितीतरी वेळ. निघताना श्रुतिकाला म्हणाल्या — मला ऐकू जाईल इतक्याच हळू — "बारसं तेवीसला इथेच ना? की आपल्याकडे करूया?"

त्या गेल्यावर श्रुतिका म्हणाली, "आई, आता एक तर तो राहील, नाहीतर मी जाते. बाळ आहे गं घरात." ती तरी कुठे चुकीचं बोलते?

२१ फेब्रुवारी

निलेशला फोन केला. माझ्या बहिणीचा मुलगा, नाहूरला राहतो. तो आणि त्याची बायको अबोली, दोघांनाही कुत्र्यांचं वेड. "मावशी, आण गं त्याला. टेन्शन नको घेऊ. थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, मी विचारलं नाही.

संध्याकाळी रिक्षाने सोडून आले. गुंड्याला वाटलं, फिरायला चाललोय. त्याच्या अंथरुणाची साडी बरोबर दिली, माझी जुनी, हिरवी. दार लागल्यावर आतून एकदाच भुंकला. मी जिन्यात उभी राहिले थोडी. मग आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

बारसं झकास झालं. नाव मधुवंती. फरशी कोरडीठाक. सगळे म्हणत होते, घर किती छान वाटतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निलेशचा फोन. "मावशी, एवढ्या रात्री झाल्या, एकदम कोरडा! फक्त काल अमावास्या म्हणून अबोलीने दारात गोमूत्र शिंपडलं, तर हा पठ्ठ्या वास घेत गेला आणि तिथेच पाय वर! त्याला वाटलं असेल, इथे आधीच कुणीतरी करून गेलंय." हसत होता.

मला हसू येईना. पहिल्यांदा चुकला असेल तो. पुढे तीन आठवडे रोज मीच त्याला जागा दाखवत होते. डॉक्टरांना फिनाइल सांगितलं, गोमूत्र सांगितलंच नाही. ते पुसण्यात धरतं कोण? आणि वर त्याचेच कान धरले मी!

आजच न्यायला येते म्हणणार होते. तेवढ्यात निलेश म्हणाला, "आणि झोपतो कुठे माहितीय? अबोलीच्या पलंगाखाली. लागली की तिच्या हाताला नाक लावतो."

"बरं झालं," म्हटलं.