फुकट दिलेला दूधहिशोब

धुळे, ३ ऑक्टो. १९९४
स्वतःच्या हातांनी केलेलं एकदा लिहून ठेवतो. दोन बँडचा रेडिओ, लाकडी पेटीसकट. मोटरची तार गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चेनवर चालणारं. घरचा इन्व्हर्टर. आणि दूध सोसायट्यांचा हिशोबाचा प्रोग्राम: लिटर, फॅट, दर दहा दिवसांचं बिल, पैशापर्यंत बरोबर. सगळं पुस्तकं वाचून. गुरू नाही.
आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक सफारीवाला. त्याची कंपनी असलाच प्रोग्राम विकते, कुलूप लावून, आतलं कोणी पाहू-बदलू नये म्हणून. म्हणे, "छान आहे. कोणाकडून लिहून घेतलात?"
चहा न पाजता घालवला. यापुढे इथे त्याचं नाव स.

८ ऑक्टो.
सुधारलेला प्रोग्राम सोसायट्यांना पाठवला, नेहमीसारखा एस.टी.तून, भिका कंडक्टरच्या हाती. मुंबईत म्हणे फोनच्या तारेवरून प्रोग्राम मागवतात. इथे दोंडाईचाला ट्रंककॉल लागेना. प्रोग्राम ज्या मूळ ओळींनी बनतो, त्याही फ्लॉपीत आहेत. पाकिटावर चिठ्ठी: 'फुकट. उघडा, बदला, कोणीही घ्या, पुढे द्या.' दुधाचा भाव बदलला की लोकांनी माझ्याकडे का धावावं?
भिका म्हणाला, "ते सफारीवाले काल आपल्याच गाडीने दोंडाईचाला गेले."
कशाला?

१७ ऑक्टो.
दोंडाईचाकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाना, त्यांचा फोन. प्रोग्राम सुरूच होत नाही. शेजारच्या गावीही तेच. दोन्हीकडे स. जाऊन आलेला. प्रत्येकाला दोन-दोन प्रती दिल्या होत्या. एक आपोआप बिघडते. दोन्ही बिघडवल्या जातात.
भिकाने पाकिटं कोणाच्या हातात दिली? की नानांनीच...? स.बरोबर त्यांनी जेवण केलंय, हे भिकाकडूनच कळलं.
परवा बिलवाटप. चुकलं की लोक म्हणणार, फुकटचं असंच असतं.

१८ ऑक्टो.
नव्या प्रती घेऊन स्वतः गेलो. कोणाच्या हाती दिल्या नाहीत. गाडीत मांडीवरच.
नानांनी जुन्या फ्लॉप्या देवाच्या फळीवरून काढून दिल्या. हळद, कुंकू, अक्षता. चकतीची उघडी खिडकी लालभडक. दसऱ्याला वजनकाटा, फॅटचं मशीन, सगळ्यांची पूजा झाली, तेव्हा हिचीही. दोन्ही प्रतींची.
"नाना, हे काय?"
"वरीसभर बठ्ठा हिसोब हाईच करस ना भाऊ? मंग हिनी पूजा नही करानी?" सगळा हिशोब हीच करते म्हणून पूजा! वर मलाच, "कुकू चालत नही, हाई चिठ्ठीवर लिखाले काय झायतं?"
शेजारच्या गावाला पूजेचं त्यांनीच सांगितलेलं. हसू आलं. दाबलं.
निघताना सहज विचारलं, स. कशाला आला होता?
"कापी लई गया. तुमीच लिखेल शे ना, कोनबी ल्या म्हनीसन."
लिहिलं आहे. मीच. माझ्या अक्षरात.

१९ ऑक्टो.
बिलं वाटली. एक तक्रार नाही. तरी चैन नाही. कॉपी घ्यायला हरकत नाही. पण कुलूपवाल्याला माझ्या मूळ ओळी कशाला?

२६ ऑक्टो.
कळलं. स. आज नानांना सोबत घेऊन आला. पडद्यावर 'त्यांचा' प्रोग्राम कुलूप उघडून दाखवला. माझ्याच ओळी, तारखेची तपासणी मी चुकून दोनदा लिहिली होती ती जागाही तशीच. नाव त्यांचं, वर कुलूप. पण विकला जात नाही, कारण माझा फुकट फिरतो.
त्याने कागद पुढे केला. त्यावर मी सही करायची, की माझ्या जुन्या प्रोग्रामात फॅटचा हिशोब चुकतो, सोसायट्यांनी वापरू नये.
"चुकतो कुठे? एक बिल दाखवा."
"चुकत नाही हो. नुसतं लिहून द्यायचं."
नानांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते. मग म्हणाले, "भाऊ, तुमना तुमी देखा." कुंकवाच्या दिवशी याच माणसावरचा संशय मी धुऊन टाकला होता. आज तो पुन्हा आला. मी नाही म्हटल्यावर दोघं एकाच रिक्षातून गेले. दुसऱ्या कोणाची सही चालते का त्या कागदावर? सेक्रेटरीची?
उद्या कोणी वेगळं सांगू नये म्हणून लिहितो: माझा हिशोब चुकतो एवढं लिहून देण्याचे स. देत होता चाळीस हजार, रोख. नको म्हटलं.