ही कितवी खेप?

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सरकारी भरतीचा पेपर काल झाला. कसा गेला ते शेवटी सांगते. तुझ्या प्रसूतिकक्षात, तुझ्या हाताखाली रुजू व्हायचं तर मेमधल्या तुझ्या निवृत्तीआधीची ही एकच भरती, हे घोकतच गेले होते.

आमच्या नर्सिंगच्या वर्गात या परीक्षेवरून कायम जुंपलेली असते. एकीचं म्हणणं, आमचे हात बघा, गोल काय काळे करायला लावता. दुसरी म्हणते, पेपर नसेल तर सगळ्या जागा वशिल्याच्या पोरी पटकावतील. मला दोघींचंही पटतं. तुमची भरती कशी व्हायची गं?

पेपरात नद्या, आगगाड्यांचे वेग आणि मधेच बाळंतपण. पर्यवेक्षिकाबाईंचे दिवस भरलेले होते. मधूनमधून त्या खुर्चीची पाठ धरून ओठ मुडपायच्या. मी आगगाडी सोडून त्यांच्या कळा मोजायला लागले. मागे पाहिलं तर निम्मा वर्ग घड्याळाकडे बघतोय. पण जागचं कुणी हलेना, कारण बाहेर गेलेल्याला परत घेत नाहीत.

शेवटी मीच उठले आणि त्यांना धरून बाहेर नेलं. पेपर अर्धा कोरा राहिला. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी शेंडेफळ

९ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. अगं, बाई पहिलटकरीण असेल तर पेपर पुरा करून, निवांत चहा पिऊन तिला नेलं असतंस तरी चाललं असतं. ही कितवी खेप, हे विचारलंस का? आधी तेच विचारायचं असतं, आणि नेमकं तेच पत्रात नाही.

माझी भरती तोंडी झाली. साहेबांनी फक्त वडिलांची कुणाशी ओळख आहे ते विचारलं. तेव्हा पेपरला फार नावं ठेवू नका म्हणावं. उत्तर लगेच धाड, जीव टांगणीला लागलाय.

तुझी मावशी

१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारलं होतं, लिहायचं राहिलं. तिसरी खेप होती, आणि दुसरं मूल गाडीतच झालेलं. म्हणून तर उठले. जिना उतरून शिक्षकांच्या खोलीत पोचतोय तोवर मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

निकाल लागला. यादीत मी नाही. खोटं कशाला सांगू, खूप रडले. मी चुकले का, एवढंच सांग.

तुझी शेंडेफळ

२० फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

मलाही रडू आलं. निवृत्तीआधी एकदा तरी तुझ्याबरोबर ड्युटी करावी असं फार मनात होतं. ते आता व्हायचं नाही.

पण तिसरी खेप आहे हे कळूनही तू पेपर पुरा करत बसली असतीस, तर माझ्याकडे रुजू झाली असतीस, आणि मी तुला प्रसूतिकक्षात पाऊल टाकू दिलं नसतं.

पुढच्या भरतीला बस. म्हातारीला पत्रं मात्र लिहीत जा.

तुझी मावशी