पंगतीचं लाइव्ह

मंगरूळपीर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय धनराज,

सलाम, आणि उशिरा का होईना, दसऱ्याचा राम राम. चाकणचा पाऊस थांबला असेल आणि तुझी रात्रपाळी एकदाची सुटली असेल असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. लतीफाचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते. उमेरा यंदा दहावीला आहे, पोरीचा निम्मा अभ्यास आरशासमोर होतो. आपल्या आसेगावात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. मजूर मिळेना म्हणून गेल्या आठवड्यात शाळेचे हेडमास्तर स्वतःच्या वावरात विळा घेऊन उतरले आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता येईना म्हणून उभ्यानेच प्रार्थना घेतली.

पाकिटावर फुलं आणि मोती पाहून हसला असशील. साधं पाकीट कुठे मिळेना, शेवटी दुकानदाराने राखीचं उरलेलं काढून दिलं. ज्याने अख्ख्या गावाला लाइव्हची सवय लावली, तोच आता पत्र लिहीत बसलाय. खरं सांगतो, तुला तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू 'हॅलो' म्हणताच सोयाबीनच्या गप्पा काढल्या. मेसेज दोनदा लिहिला, पाठवला आणि तू पाहायच्या आत पुसून टाकला. तुला 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच दिसलं असेल. कागद एकदा पोस्टाच्या पेटीत पडला की माझ्या हातात राहत नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय तुझ्या त्या मागणीचाच आहे. हनुमान जयंतीच्या पंगतीचं लाइव्ह तू जूनपासून मागतोयस. त्यातून पुंजाजीकाकांचा फोटो काढून मोठा करायचा आहे, जाण्याच्या तीन दिवस आधीचे बाबा तुला भिंतीवर हवे आहेत. मी तुला पहिल्यांदा म्हणालो की हार्ड डिस्क खराब झाली. मग म्हणालो, अकोल्याला दुरुस्तीला दिली. मग म्हणालो, माणूस गावाला गेलाय. डिस्क कधीच खराब झाली नव्हती, धनराज. ती माझ्या टेबलाच्या खणात, उमेराच्या जुन्या कंपासपेटीशेजारी होती.

माझं काम कसं चालतं ते तुला थोडं सांगावं लागेल. पेजवर केलेलं लाइव्ह आता तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून प्रत्येक लाइव्ह झालं की मी ते उतरवून घेतो, गाव, कार्यक्रम आणि साल असं नाव देतो, डिस्कवर ठेवतो आणि वहीत नोंदवतो. सहा वर्षांत चार डिस्क भरल्या. ही नुसती साठवण नाही, त्यातूनच दुकान चालतं. एका गावची मिरवणूक दुसऱ्या गावच्या जाहिरातीत लावतो, एकाच्या हळदीतली फुगडी दुसऱ्याच्या हळदीत घालतो. आतापर्यंत कोणी ओळखलं नाही. फुगडी घालणाऱ्या बाया इतक्या जोरात फिरतात की त्यांचे चेहरे त्यांच्या नवऱ्यांनाही ओळखू येत नाहीत.

आपली पंगत तर दर वर्षी तीच. तोच मारुती, तोच मांडव, तेच रोडगे आणि वांग्याची भाजी. आणि शेवटी मी फोन घेऊन फिरतो, तेव्हा लोक तोंड पुसत बाहेरगावच्या आपापल्या माणसांना निरोप देतात. तो निरोप मीच सुरू केला होता. गावातले पंगतीत असतात, लाइव्ह पाहणारे सगळे तुझ्यासारखे दूरचे. त्यांना तेवढाच घास.

यंदा बारा एप्रिलला, पंगतीच्या दिवशी, टॉवरवर फार गर्दी होती. नेट जाऊन येऊन होतं.

हे वाक्य मी लिहिलं आणि अर्धा तास बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. नेट चांगलं चालू होतं. मीच गावात नव्हतो.

त्याच दिवशी कारंज्याला एक लग्न घेतलं होतं. मंदिर कमिटीला हो म्हटलं होतं आणि त्यांनाही. दोन डगरींवर पाय ठेवायची मला सवयच आहे, हे तुला शाळेपासून माहीत आहे. सकाळी आसेगावात आलो, मारुतीसमोर ट्रायपॉड उभा केला, त्याला उमेराचा फुटका फोन लावला आणि निघून गेलो. बुजगावण्याला पाखरं भितात तसं लोकांनी त्या फोनला मानलं, कोणी जवळसुद्धा गेलं नाही. शेवटी निरोप घ्यायला मी फिरलो नाही, तर प्रत्येकाला वाटलं मी दुसऱ्या रांगेत असेन. दुपारी कारंज्यात, मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवर जुनी फाइल लावली आणि लाइव्हचं बटण दाबलं. तसं करता येतं. पाहणाऱ्याला लाल ठिपका दिसतो आणि त्याच्यापुढे 'लाइव्ह' असं लिहिलेलं असतं.

ती मागच्या सालची पंगत होती. चोवीसची.

आता तुला समजलं असेल. तरी मी पुढचं लिहितो, कारण तुझं तुला समजू देणं हाही पळ काढण्याचाच एक प्रकार आहे.

तू जे पाहिलंस, काका धोतर खोचून वरणाची बादली घेऊन रांगेतून फिरताहेत, एका पोराला आग्रह करून वाढताहेत, ते सगळं चोवीस सालचं होतं. आणि शेवटी त्यांनी फोनपुढे येऊन जो निरोप दिला, "धनराज, मी बरा आहो रे बापू. कामधंदा सोडून धावत येऊ नको," तोही चोवीसचाच. यंदा त्या वेळी काका खाटेवर होते. त्यांना दम लागला होता आणि उशाशी काकू बसल्या होत्या. काकूंनी तुला सकाळी फोन करून 'आज निघ' म्हटलं होतं. तू रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं होतंस. हे सगळं मला नंतर तुझ्याकडूनच कळलं.

पण एक गोष्ट मला त्याच वेळी कळली होती. लग्नात जेवणाची सुट्टी होती, मी लॅपटॉपवर कमेंटी पाहत होतो. तुझी आली. 'बाबा उठले! वरण वाढत आहेत. देव पावला. आई उगाच घाबरवते.' मी ती वाचली. काका आजारी आहेत हे मला ठाऊक होतं, तीन दिवसांपूर्वी मीच त्यांना संत्री देऊन आलो होतो. तेव्हा त्यांनी मला 'मुबश्या' अशी हाकही मारली नव्हती, नुसता हात हलवला होता. तुला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण मग मी कारंज्यात आहे हे उघडं पडलं असतं, कमिटीला कळलं असतं, गावभर झालं असतं. मी तुझ्या कमेंटवर लाल बदाम ठेवला आणि जेवायला गेलो.

तू तिकीट रद्द केलंस. काकूंना फोन करून म्हणालास, कायले खोटं बोलतं, मी आत्ताच पाह्यलं बाबाले. मंगळवारी काका गेले. तू पोचलास तोवर राखही निवली होती.

तेराव्याला मी होतो. पाणी देत फिरत होतो. तू सगळ्यांसमोर काकूंना म्हणालास, "असा दम लागला असून तू त्याईले बादल्या उचलू देल्या. तूच मारलं बाबाले." काकू म्हणत राहिल्या की ते खाटेवरून हललेच नव्हते. एकजण म्हणाला, "हो, मले बी काही दिसले नाई पुंजाजीबुवा पंगतीत." तू खिशातून फोन काढून दाखवलास. त्या फोनकडे पाहून तोच माणूस म्हणाला, "हो की रे, हे तं वाढून राह्यले." आणखी एकाला तर आठवलंच की काकांनी त्याला दोनदा वरण वाढलं होतं. काकूंनी मात्र मान फिरवली, फोनकडे पाहिलं नाही. माझ्या हातात पाण्याची कळशी होती. मी पुढच्या माणसाला पाणी दिलं.

त्यानंतर मी दिवस मोजले. तीस झाले आणि पेजवरून ते आपोआप पुसलं गेलं, त्या दिवशी मी घरी पेढे नेले. लतीफानं विचारलं कशाचे, मी म्हटलं नवीन गिऱ्हाईक मिळालं. मग जूनमध्ये तू फाइल मागितलीस. गेल्या महिन्यात मी तिच्या नावातला चोवीस काढून पंचवीस लिहिला, तुला पाठवायची म्हणून. वहीतही खाडाखोड केली. पाठवायला धीर झाला नाही, एवढाच काय तो माझा चांगुलपणा.

परवा, शुक्रवारी, गोजराकाकू एसटीने एकट्या दुकानात आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मुबश्शिर, ते पंगतीचं दाखव मले. ज्याच्यात हे वाढून राह्यले ते."

मी म्हटलं, "आता काहून काकू? राहू द्या ना."

"मी दिवसभर त्याईच्या उशाशी होती रे. पण दुपारी घडीभर माया डोळा लागला होता. तेवढ्यात ते उठून गेले असतीन काय? पोरगा मनते, त्यानं डोळ्यानं पाह्यलं. मंग मीच झोपली असन. एकदा मले पाहू दे, म्हंजे मनाले समजावता येते."

पाच महिने ती बाई हेच घोकत होती, धनराज. माझ्या लाइव्हवर तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता.

तेव्हाही मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण मी मुकाट्याने मोठ्या स्क्रीनवर फाइल लावली. काका बादली घेऊन आले तशा काकू हसल्या. "कसे तुरुतुरु चालून राह्यले पाहाय," म्हणाल्या. पदर तोंडाला लावून त्या पाहत होत्या. मग खुर्ची पुढे ओढली, स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बायांची पंगत होती तिथे.

"हे हिरव्या लुगड्याची कोण हाये?"

त्या आणखी पुढे वाकल्या.

"हे तं मीच हाओ. मी जेवून राह्यली." मग म्हणाल्या, "यंदा तं मी पंगतीत गेलीच नाई, मुबश्शिर."

"नाई काकू."

"मंग हे यंदाचं नोहे."

"मागल्या सालचं हाये काकू. मीच लावलं होतं."

मला वाटलं, आता चप्पल काढतील. मी मान खाली घालून उभा होतो. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी झोपली होती, तरी ते गेले नव्हते?"

"नाई."

"खाटेवरच होते?"

"खाटेवरच होते, काकू."

त्या रडल्या. बराच वेळ रडल्या आणि मधेच एकदा म्हणाल्या, "बरं झालं माय." मला एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाल्या, "धनराजले तूच सांग. मायावाला फोन तं तो उचलत नाई."

ज्या काकूंनी लहानपणी तुझ्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं, त्यांना मी पाच महिने नवऱ्याचं मरण डोक्यावर घेऊन हिंडू दिलं. का, तर गावात माझं नाव खराब होऊ नये. मला माझी शरम वाटते. दाढी करताना आरशात पाहवत नाही.

सोबत पेन ड्राइव्ह ठेवला आहे. फाइलचं नाव पुन्हा चोवीस केलं आहे. फोटो काढायचा तर काढ, काका त्यात छान दिसतात, फक्त खाली साल बरोबर लिही. एकेचाळीसाव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात पाहा, तुझी आई आहे. तू तेव्हा बाबांकडे पाहत होतास, तुझा त्यात दोष नाही. ते लावण्याआधी सगळं नीट पाहणं माझं काम होतं.

आज सकाळी पेजवर माझ्या नावाने लिहिलं की यंदाचं लाइव्ह जुनं होतं आणि मी गावात नव्हतो. कमिटीच्या अध्यक्षांचा, प्रसेनजितभाऊंचा, दहा मिनिटांत फोन आला. काय म्हणाले ते लतीफानं शेजारी बसून ऐकलं म्हणून बरं, नाहीतर तिला सांगताना मी त्यातही काटछाट केली असती. पुढच्या वर्षी मला मारुतीसमोर उभं करणार नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. पोहोचायची गाडी तुझ्या हातात होती, ती मी सोडायला लावली. ते परत देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण तुझी आई खोटं बोलली नाही आणि झोपल्यामुळे तिच्याकडून काही राहिलं नाही, एवढं खरं आहे. मी तिला ते सांगितलं, पण माझ्या तोंडून ऐकून तिचं भागलं नाही. ते तिला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

हे पत्र वाचून मला फोन करू नकोस, शिव्या द्यायलाही नको. त्या मी दिवाळीला तू आलास की समोर उभा राहून घेईन. आधी तिला लाव.

तुला खोटं दाखवणारा,
मुबश्शिर