एकसंध खुर्ची

३ जानेवारी
बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उंच बैठकीची, दोन हातांची साधी खुर्ची आणा. साधी! मुलाचा स्वतःचा फर्निचर स्टुडिओ, आणि बाप साध्या खुर्चीत? ताई लगेच प्लास्टिकची घेऊन आली. मी ती माळ्यावर टाकली. म्हटलं, महिन्याभरात अख्ख्या ओंडक्यातून कोरून देतो. एकही जोड नाही, एकही स्क्रू नाही. ताईने कपाळाला हात लावला. भारावली असावी.

१९ जानेवारी
ओंडका आला. बाबांच्या बैठकीचा साचा घेतला, म्हणजे त्यांना ओल्या मातीत बसवलं. गार लागतंय म्हणून कुरकुर. तेवढ्यात एका मासिकाचा फोन आला. असले फोन मध्येच ठेवता येत नाहीत. तीन तासांनी परत येतो तर माती सुकत आलेली आणि बाबा त्यातच. उपटून काढताना केवढे ओरडले! शेजारी धावत आले. साचा मात्र झकास.

११ फेब्रुवारी
साचा बोअर आहे. बाबांची बैठकच मुळी कारकुनी, तिला लाइन नाही. बदलून टाकली.
बाबा दिवसभर पलंगाच्या कडेवर ताटकळत बसतात. जाता-येता एकच पालुपद, झाली का रे? यांना प्रोसेसची काडीची किंमत नाही.
उद्यापासून पहाटे उठून कोरणार.

१२ फेब्रुवारी
दहाला उठलो. सोमवारपासून नक्की.

२ एप्रिल
खुर्चीची पाठ काढून टाकली. लाकडाचीच तशी इच्छा होती. उजवा हातही काढला, नजरेला खुपत होता. बैठकीला पुढे मस्त उतार दिलाय. ताई म्हणाली, अरे, पण यावर बसायचं कुठे? लोक अजून बसण्यातच अडकलेत.

२० मे
खुर्ची प्रदर्शनासाठी निवडली! बाबांना म्हटलं, तुमची खुर्ची आता सगळं जग बघणार. तर म्हणाले, मी बसणार कधी? म्हातारपणी माणूस किती स्वार्थी होतो.

६ जून
उद्घाटन. बाबा वॉकर टेकत आले, घामाघूम झाले आणि निघाले थेट खुर्चीकडे! धावत जाऊन अडवलं. सात हात पॉलिश मारलंय, गंमत आहे का? पाय लटपटतायत म्हणाले. मी म्हटलं, जरा भिंतीला टेका. शेवटी वॉचमनने स्वतःचं स्टूल दिलं. बाबांनी बसून हुश्श करत डोळे मिटून घेतले. माझ्या प्रत्येक फोटोत मागे ते भिकार स्टूल आलंय.
ताई त्यांना तिथूनच आपल्या घरी घेऊन गेली. बरंच झालं, आता निवांत काम होईल.

२१ जून
खुर्ची परत आली. विकली गेली नाही. लोक अजून तयार नाहीत.
आज पहिल्यांदाच स्वतः बसून पाहिलं. सरळ खाली. कंबरेत अशी उसण भरलीय की उठता येत नाही. फरशीवर पडूनच लिहितोय.
ताईला फोन केला. म्हटलं, मला घेऊन जा, आणि बाबांसाठी तुझ्या घरी नवी खुर्ची आणलीस ना, ती काही दिवस मला लागेल. म्हणाली, त्यात बाबा बसलेत. म्हटलं, त्यांना पलंगावर बसव की, त्यांना सवय आहे.
तिने फोन बाबांकडे दिला.
बाबा म्हणाले, इथे बसायला जागा नाही. आणि फोन ठेवला.