एक रिंग म्हणजे आहोत

८ डिसेंबर २०१८, आशागड

दुपारी पुन्हा जमीन हादरली. जीवितहानी नाही, असं तलासरी तहसीलने सांगितलं. त्यांच्याआधी देवजीदादाने सांगितलं होतं — एक रिंग आणि कट.

एक रिंग म्हणजे आहोत. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. दादाने पहिला मोबाइल घेतला तेव्हापासून आमचं हे ठरलेलं. तो आणि रखमीवहिनी वेवजीला, मी इकडे आशागडला. मध्ये तालुक्याची हद्द आणि माझ्या पेपरच्या बातम्या.

एकदा चुकून मी उचलला होता. केवढा भडकला! “अगं भिके, उचलते कशाला? उचललास का माझे पैसे कटले! एवढी शिकली, एक रिंग नि दोन रिंगा कळत नाय?”

आजची बातमी पाठवून मग ही वही उघडली.

१३ डिसेंबर

सगळ्यांच्या मोबाइलवर कंपन्यांचे मेसेज. दर महिन्याला निदान पस्तीसचा रिचार्ज मारा, नाहीतर आधी जाणारे कॉल बंद, मग येणारेही. बाजारात हीच चर्चा. लोक तलासरी नाक्यावरच्या नविनच्या मोबाइलच्या दुकानात भांडायला जातात. एक आजोबा त्याला म्हणत होते, “लाइफटाइम म्हणून विकलंस ना?”

नविन म्हणाला, “काका, लाइफटाइम म्हणजे सिमचं लाइफ. तुमचं नाय!”

दुकानभर हसले. आजोबाही हसले. मला हसू आलं नाही. दादाच्या सिममध्ये कधीच काही नसतं. रिंग जायला पुरेल एवढा बॅलन्स, बस्स. ती रिंगही गेली तर?

त्याच्या नंबरवर रिचार्ज मारून आले. त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, माझ्यावर उपकार केलेस का?

१६ डिसेंबर

वेवजीला जाऊन आले. दाराच्या वरून भेग निघाली आहे. बोट जातं आत. अंगणात ताडपत्री बांधली आहे, दोघं तिथेच झोपतात. थंडी चांगलीच. वहिनीने ओढणीने कान बांधलेले.

बोलता बोलता जमिनीतून आवाज आला — लांब कुठेतरी सुरुंग उडवावा तसा. हललं काहीच नाही. पण तिघांनी भेगेकडे पाहिलं. मग दादा म्हणाला, “तू पेपरात लिहिते म्हणून हालते. तू लिहायचं बंद कर, धरती पण थांबेल.”

वहिनी म्हणाली, “आणि मग ती खाणार काय?”

“इथे येऊन नागली खाईल.”

मी म्हटलं, आत झोपायचं नाही हं दादा. काहीही झालं तरी. तो म्हणाला, “हो गं भिके, हो. मास्तरीण.”

पण शपथ घातली तर हात झटकला.

२९ डिसेंबर

सुदामचा फोन. दादाचा मुलगा, उंबरगावला कारखान्यात आहे. “आत्या, माझा जुना टच फोन बाबांना दिला. डेटाचा पॅक टाकलाय, बोलायला वेगळा बॅलन्सच लागत नाय. नेटवरून कॉल करा, कितीपण बोला! पहिलं टॉवर गुजरातचा पकडला का रोमिंग कटायचं, ते पण टेन्शन गेलं.”

हे मलाही पटलं. सिम चालू ठेवायला वेगळे, बोलायला वेगळे पैसे टाकत बसण्यापेक्षा एकच पॅक बरा. रविवारच्या पानासाठी हाच विषय लिहून दिला — मोबाइलचा खर्च कसा वाचवाल. पेपरच्या डेस्कवरच्या कविताला फार आवडला. म्हणाली, “मॅडम, भूकंपाशिवाय काहीतरी दिलंत बघा!”

२ जानेवारी २०१९

दादाचा पहिला नेटवरचा कॉल. व्हिडिओ! मला फक्त त्याचं कपाळ आणि मागे ताडपत्री दिसत होती. “दिसतो का? दिसतो का?” म्हणून ओरडत होता. वहिनी बाजूने, “ओरडता कशाला, ती काय बहिरी झाली का?”

खूप दिवसांनी झोप लागेल असं वाटतं.

९ जानेवारी

रस्त्यावरून ट्रक गेला तरी हादरा समजून उभी राहते.

१५ जानेवारी

पुन्हा रिंगवर आला हा माणूस! हादरा बसला, नेटवरून कॉल आला, एक रिंग — कट. मी उलटा लावला. अरे दादा, आता फुकट आहे, बोल ना!

“फुकट हाय म्हणून काय बोलतच बसायचं?” आणि ठेवला.

रागावले, पण खरं सांगायचं तर त्या एका रिंगेने जेवढं बरं वाटतं तेवढं बोलण्याने वाटत नाही. बोलताना मी त्याच्या आवाजात काहीबाही शोधत बसते. रिंगेत शोधायला काही नसतं.

२३ जानेवारी

आज बोलायचंच म्हणून दोनदा लावला. दोन्ही वेळा वहिनी. “ते शेतावर गेलेत.” परत? “हो ना, बसवत नाय त्यांना घरी.” तिचा आवाज घाईत होता. मागे कोणीतरी खोकलं. विचारलं तर म्हणाली, शेजारचे आलेत.

मीसुद्धा किती संशय घ्यावा! तहसीलवाले रोज आकडे देतात, तेही मला खोटे वाटू लागलेत.

२७ जानेवारी

हादरा. एक रिंग. बरं.

१ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते. नाहीतर सुचायचं नाही.

दुपारी मोठा बसला. मी तलासरीला तहसील कचेरीत होते. कपाट सरकलं, फायली कोसळल्या, सगळे आवारात. एक कारकून चहाचा कप घेऊनच पळाला होता, थेंबही सांडला नव्हता. त्याला बघून आम्ही हसलो. मग सगळ्यांनी एकदम फोन काढले. कोणाचाच लागेना. नेट गेलेलं.

थोड्या वेळाने नेट आलं आणि माझा फोन हातात थरथरला. दादाचा मिस कॉल! तिथेच पायरीवर बसले.

बातमी सांगायला डेस्कला फोन केला. कविता म्हणाली, “वेवजीचं काय? पुष्टी कोणाची?”

“घरच्यांची.”

“कोण बोललं?”

“बोललं कोणी नाही. रिंग आली.”

“मॅडम, रिंग म्हणजे पुष्टी?”

चिडले मी तिच्यावर. तुला नाही कळायचं, म्हटलं. आयुष्यभर मी नव्या पोरांना हेच विचारत आले — पुष्टी कोणाची? — आणि आज तिने विचारलं तर चिडले.

मग फोन परत उघडला. मिस कॉलच्या खाली वेळ होती. सकाळची. सकाळी एक बारीकसा हादरा बसला होता, त्याच्यानंतरची. तेव्हा मी रस्त्यात होते, नेट नव्हतं; कचेरीत आल्यावरही ते धड लागलं नव्हतं.

साधा कॉल तेव्हाचा तेव्हा वाजतो, नाहीतर वाजत नाही. हा नेटवरचा अडकून पडतो. नेट आलं की टपकतो — जणू आत्ता दिलाय. मला हे माहीत असायला हवं होतं. पैसे कसे वाचवाल ते लिहिलं मी. हे नाही लिहिलं.

लावला. ‘कॉलिंग’ येत राहिलं. त्याचं ‘रिंगिंग’ होईना. परत लावला. परत तेच, साधा कॉलही लागेना. तहसीलच्या मृत-जखमींच्या यादीत वहिनीचं नाव नाही, दादाचं नाही, म्हणजे काय समजायचं? कोणी गेलं नाही की कोणी पोचलं नाही?

नाक्यावर गेले तर नविनने लगेच दुकानाचं शटर ओढलं, स्कूटर काढली. “बसा मॅडम. बोलू नका, नुसतं धरून बसा.”

अर्ध्या वाटेत सुदामचा साधा कॉल. ऐकूच येईना. ओरडत होता. “भिंत, आत्या, भिंत! बाबांना तलासरीच्या दवाखान्यात आणलंय. तुम्ही सरळ इकडेच या!”

२ फेब्रुवारी, तलासरी, दवाखाना

जिवंत आहे.

डाव्या पायावर भिंत पडली, डोक्यालाही लागलं. गावच्या लोकांनी हातांनी माती उपसून काढला. दवाखान्यातही कोणी आत थांबायला तयार नाही. बारीक आवाज झाला तरी पेशंट सलाइनची बाटली हातात धरून व्हरांड्यात. दादाला हलवता येत नाही, म्हणून आम्ही आत. छताकडे बघत बसते.

वहिनीला विचारलं, ताडपत्री बाहेर असताना तो आत काय करत होता? “काठी आणायला गेले.” एवढंच. सुदाम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

काठीसाठी! नशीब, दुसरं काय. दहा पावलं इकडे असता तर.

वेवजी सुखरूप असल्याची ओळ कविताने पानातून आधीच काढली होती. मला न विचारता. तिला फोन करून माफी मागितली.

३ फेब्रुवारी

डोळे उघडत नाही. ताप उतरत नाही. डॉक्टरने विचारलं, ताप जुना दिसतो, किती दिवसांपासून होता? मी म्हटलं, ताप कुठला, परवापर्यंत शेतावर जात होता. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पाणी आणायला गेली.

४ फेब्रुवारी

सकाळी दादा बोलला. डोळे मिटलेलेच. माझा हात त्याच्या हातात होता, त्याला वहिनीचा वाटला.

“भिकीला सांगू नको. मी आत झोपतो ते. तू नुसती रिंग दे, नेहमीसारखी.”

वहिनीने पदर तोंडाला लावला. मी हात काढला नाही. “देते,” म्हटलं.

दुपारी त्याला वलसाडला हलवणार. पाय ठेवायचा की नाही, ते तिथले डॉक्टर संध्याकाळी ठरवतील. हादरे अजून येत राहतील, असं तहसीलचं म्हणणं आहे.